गाठोड्यातली मुळी

१८९० ते १८९३ या वर्षांत ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ नावाचा ग्रंथ तीन खंडांत प्रसिद्ध झाला. विल्यम डिमॉक, वॉर्डन आणि हूपर या तिघांनी हिंदुस्थानात वापरल्या जाणाऱ्या वनौषधींची ती मोठी जंत्री केली होती. डिमॉक मुंबईत सरकारी औषधभांडाराचा प्रमुख होता, त्यामुळे मुंबईचा बाजार, काष्ठौषधींची दुकानं आणि बंदरावर उतरणारी माणसं त्याच्या रोजच्या पाहण्यातली. सर्पगंधा या वनस्पतीबद्दल लिहिताना त्याने एक साधीशी गोष्ट टिपून ठेवली आहे. दक्षिण कोकणातून मुंबईला मजुरीसाठी येणारे बहुतेक लोक या मुळीचा थोडा साठा जवळ बाळगतात आणि पोटात कळा आल्या की ती घेतात.

मी मूळचा कुडाळ तालुक्यातला. ही नोंद पहिल्यांदा वाचली तेव्हा ग्रंथ मिटून बराच वेळ तसाच बसून राहिलो. कारण ते गाठोडं मला दिसत होतं. घोंगडी, एक जोड कपडे, सुक्या मासळीची पुरचुंडी, कोकमं, आणि कुठल्याशा चिंधीत बांधलेली दोन बोटांएवढी कडूजहर मुळी. गलबतातून किंवा आगबोटीतून आलेला माणूस गिरणीच्या परिसरात दहा-पंधरा जणांच्या खोलीत वळकटी टाकायचा. परक्या शहरात पोट बिघडलं तर औषध गावचंच हवं, म्हणून ही मुळी. पुढे याच मुळीतून जगातल्या रक्तदाबावरच्या पहिल्या काही गुणकारी गोळ्यांपैकी एक निघणार होती, हे त्याला किंवा डिमॉकलाही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. रक्तदाब नावाचा आजारच तेव्हा जन्मलेला नव्हता.

झाड तसं लहान, कमरेपर्यंतही क्वचितच पोचणारं. पेराला तीन-तीन पानांचा फेर, पांढरट फुलांचे गुच्छ, त्यांचे देठ लालभडक, आणि पिकल्यावर काळपट जांभळी होणारी फळं. सावलीत, ओलसर मातीत, दुसऱ्या मोठ्या झाडांच्या आधाराने वाढतं. मराठीत त्याला हरकी, अडकई, मुंगूसवेल अशी नावं आहेत. मुंगूसवेल म्हणण्यामागची समजूत अशी, की सापाशी झुंजण्याआधी मुंगूस ही वनस्पती चघळतं. मुळी वाकडीतिकडी, सापासारखी. जुन्या संहितांमध्ये सर्पगंधा, नाकुली ही नावं विषावरच्या औषधांत येतात. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात सापाच्या विषावर देतात त्या लाकडांचं वर्णन आहे आणि त्यातलं एक म्हणजे सर्पगंधाच, असं काही अभ्यासक मानतात. शास्त्रीय नाव मात्र भलत्याच माणसाचं. सोळाव्या शतकात लेओनहार्ट राउवोल्फ नावाचा जर्मन वैद्य पश्चिम आशियात वनस्पती गोळा करत हिंडला होता. पुढे शंभरेक वर्षांनी शार्ल प्लुमिए या फ्रेंच संन्यासी वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याच्या सन्मानार्थ या वनस्पतिगटाला ‘राउवोल्फिया’ म्हटलं. राउवोल्फने हे झाड जन्मात पाहिलं नव्हतं.

थोडक्यात, विष, ताप, पोटशूळ, पटकी, झोप न येणं, वेडाचे झटके अशा कशाकशावर ही मुळी दिली जात होती. कोकणात पटकीवर ती सापसणाच्या मुळीबरोबर देत. बिहारकडे तर तिला सरळ ‘पागल की दवा’च म्हणत. या यादीतली प्रत्येक गोष्ट अशी आहे, की ती माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना दिसते, दुखते, घाबरवते. मुळी हाकेला ओ देणारी होती. कळ आली की घ्यायची, थांबली की चिंधीत बांधून ठेवायची. हे मुद्दाम लक्षात ठेवायला हवं. पुढची सगळी गुंतागुंत इथूनच सुरू होते.

आता दुसरा धागा. १८९६ साली इटलीत तुरीन इथे शिपिओने रिवा-रोची या डॉक्टरने दंडाला बांधायचा हवेचा पट्टा आणि पाऱ्याची नळी यांची जोडणी केली. सायकलच्या चाकातल्या रबरी नळीचा त्याने पट्ट्यासाठी उपयोग केला. १९०५ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय कोरोत्कोव्ह या रशियन शल्यविशारदाने पट्ट्याखाली धमनीवर नळी ठेवून ऐकायचं ठरवलं, आणि वरचा नि खालचा असे दोन आकडे हाती आले. तोपर्यंत नाडी हाताला कडक लागते की मऊ, यावरच वैद्यांचा भरवसा होता. आता पाऱ्याची उंची मिलिमीटरमध्ये लिहिता येऊ लागली.

या आकड्यांची पहिली खरी किंमत ओळखली ती अमेरिकेतल्या विमा कंपन्यांनी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत त्या अर्जदारांचा रक्तदाब मोजून घेऊ लागल्या, कारण आकडा जास्त असलेली माणसं लवकर मरतात हे त्यांच्या हिशोबाच्या वह्यांतून दिसायला लागलं होतं. डॉक्टर मात्र बराच काळ उलट बाजूने बोलत राहिले. म्हाताऱ्या, कठीण झालेल्या रक्तवाहिन्यांतून रक्त पुढे ढकलायला दाब वाढावाच लागतो, तो उतरवणं धोक्याचं, असं भल्या भल्यांचं मत होतं. आणि उतरवायचा म्हटलं तरी कशाने? गुंगीची औषधं, अंथरुणात विश्रांती, अगदी अळणी जेवण, फारच झालं तर पाठीतल्या मज्जातंतूंची शाखा कापण्याची भयंकर शस्त्रक्रिया. ड्यूक विद्यापीठात वॉल्टर केम्पनरने चाळिशीच्या दशकात रुग्णांना भात, फळं आणि साखर एवढ्यावर ठेवून काहींचा दाब खाली आणून दाखवला. आमच्या पेजेच्या गावात भाताचं कौतुक ते काय! पण केम्पनरच्या भातात मीठ जवळजवळ नव्हतं, आणि आमच्या पेजेला सुकट, लोणचं आणि मिठात मुरवलेली मिरची लागते. फरक तिथे आहे.

१२ एप्रिल १९४५ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. त्या दिवशी त्यांच्या डॉक्टरने नोंदवलेला रक्तदाब होता ३००/१९०. जगातल्या सर्वांत बलाढ्य देशाचा अध्यक्ष, दिमतीला आरमाराचा हृदयरोगतज्ज्ञ, आणि तरी तिथे देण्यासारखी गोळी कोणाकडेच नव्हती. त्याच वेळी कलकत्त्याच्या, पाटण्याच्या, मुंबईच्या बाजारात ती कच्च्या स्वरूपात वजनावर विकली जात होती.

हिंदुस्थानात काहींना हे उमगलंही होतं. १९३१ हे वर्ष या गोष्टीत फार महत्त्वाचं. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमान सिद्दिकी आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी मुळीतून अनेक अल्कलॉइड वेगळी काढली. त्यांतल्या एकाला सलीमुझ्झमान यांनी ‘अजमलीन’ नाव दिलं. तिब्बिया कॉलेज उभारणारे हकीम अजमल खान चार वर्षांपूर्वी वारले होते, त्यांच्या स्मरणार्थ. त्याच वर्षी कलकत्त्याला कविराज गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीवर लेख लिहून वेड आणि वाढलेला रक्तदाब, दोन्हींवर तिचा गुण येतो असं मांडलं. सेन संस्कृत पंडितही होते आणि पाश्चात्त्य वैद्यकही शिकलेले होते. संहितेतली वनस्पती आणि पाऱ्याची नळी एकाच खोलीत आणायला असाच माणूस लागत होता. दोन वर्षांनी कलकत्त्यातच रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून दाब उतरतो याला दुजोरा दिला. १९३४ पासून मुळीच्या तयार गोळ्याही ‘सर्पिना’ नावाने मिळू लागल्या. म्हणजे औषध होतं, वापर होता, लेख होते. कमी होती ती जगाला पटेल अशा मोजमापाची.

ते मोजमाप परळला झालं.

रुस्तम जाल वकील हे मुंबईचे पारशी डॉक्टर, जन्म १९११ चा. विलायतेत शिक्षण घेऊन ते परतले आणि हृदयरोगाकडे वळले. परळच्या केईएम रुग्णालयात ते काम करत. केईएम उभं राहिलं १९२६ साली, गिरण्यांच्या ऐन मध्यावर. भोवती लालबाग, शिवडी, डिलाईल रोड, आणि चाळींमधून दाटीवाटीने राहणारे रत्नागिरी जिल्ह्याचे लोक. (सिंधुदुर्ग तेव्हा वेगळा झालेला नव्हता.) डिमॉकने ज्यांच्याकडे मुळी पाहिली, त्यांची नातवंडं याच वॉर्डांत तपासून घ्यायला येत असणार. वकिलांना डिमॉकची नोंद माहीत होती का, याचा या गोष्टीला काही फरक पडत नाही. पण गाठोड्यातली मुळी आणि तिला जगासमोर नेणारं रुग्णालय एकाच मैलाच्या आत होतं, याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये वकिलांचा लेख आला. ५० रुग्ण, मुळीच्या गोळ्या, आधीचे आणि नंतरचे आकडे. बहुतेकांचा दाब उतरला होता. गुण एका रात्रीत येत नव्हता, पण येत होता, आणि फारसा त्रास न होता. लेखात चमत्काराची भाषा नाही. नियतकालिकही मुद्दाम निवडलेलं दिसतं. हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पत्रिकांतले लेख बाहेर कोणी वाचत नव्हतं, हे मागच्या अठरा वर्षांनी शिकवलं होतं. लंडनमध्ये छापलेला हाच मजकूर बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला, भारतातून गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांवर वापरून पाहिल्या. रक्तदाब तर उतरलाच. शिवाय माणसं निवांत झाल्यासारखी वाटतात, नाडी शांत होते, असं त्यांनी नोंदवलं.

१९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत म्युलर, श्लिटलर आणि बाइन यांनी मुळीतलं मुख्य कार्यकारी द्रव्य वेगळं केलं. त्याला ‘रेसर्पिन’ म्हटलं गेलं. ‘सर्पासिल’ या नावाने ती गोळी जगभर गेली. अजमलीन या नावात एका हकिमाची आठवण होती. रेसर्पिन या नावात सापाची सावली उरली, माणसं गळाली. १९५६ साली हार्वर्डमध्ये रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिन प्रयोगशाळेत पूर्णपणे तयार करून दाखवलं. रसायनशास्त्रात आजही ते काम आदराने शिकवतात. पण मुळीतून काढणं त्याहून स्वस्त पडत होतं, म्हणून खोदकाम चालूच राहिलं. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्या वर्षी पद्मभूषण.

हे औषध करतं काय? मज्जातंतूंच्या टोकांशी अगदी सूक्ष्म कोठ्या असतात, त्यांत नॉरॲड्रेनलिन साठवलेलं असतं. रक्तवाहिनीला ‘आकस’ असा निरोप द्यायचा की त्यातलं थोडं सोडलं जातं. रेसर्पिन या कोठ्यांत माल भरूच देत नाही. हळूहळू कोठ्या रिकाम्या होतात, निरोप क्षीण होतो, वाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. नव्या कोठ्या तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून गोळी थांबवली तरी परिणाम बरेच दिवस रेंगाळतो. मेंदूतल्या कोठ्याही अशाच रित्या होतात. त्यामुळे जास्त मात्रेत काही रुग्ण उदास होत, काहींची उदासी गंभीर वळण घेई. नाक चोंदणं ही नेहमीची तक्रार.

या मेंदूकडच्या फांदीवर स्वतंत्र पुस्तक होईल. इथे एवढंच सांगतो, की न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ साली रेसर्पिन वापरलं, आणि स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी रेसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हालतं केलं. कंपवाताचं आजचं औषध त्या सशांपाशी जाऊन पोचतं. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं.

मला परत यायचं आहे ते दाबाकडे. गोळी आली, आकडा उतरू लागला, तरी मूळ प्रश्न तसाच होता. आकडा उतरवल्याने माणूस वाचतो का? ज्याला काही होत नाही त्याला रोज औषध द्यावं का? याचं उत्तर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आलं. एडवर्ड फ्रीस यांच्या नेतृत्वाखाली १४३ पुरुषांची पाहणी झाली. त्यांचा खालचा आकडा ११५ ते १२९ होता. निम्म्यांना खऱ्या गोळ्या, निम्म्यांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. १९६७ साली निकाल छापला गेला. पोकळ गोळ्या घेणाऱ्यांत गंभीर घटना २७, खरं औषध घेणाऱ्यांत २. वैद्यकाच्या इतिहासात इतका स्वच्छ आकडा क्वचित मिळतो. आणि खरं औषध म्हणजे काय होतं? हायड्रोक्लोरोथायाझाइड, हायड्रालाझिन आणि रेसर्पिन. न दुखणाऱ्या आजारावर रोज गोळी घेतल्याने जीव वाचतो, हे जगाला पहिल्यांदा ज्या गोळ्यांनी सिद्ध करून दिलं, त्यांत आमच्या गाठोड्यातल्या मुळीचं सत्त्व होतं.

इथे मुळीचा स्वभाव बदलला. जी कळ आल्यावर घ्यायची वस्तू होती, ती कळ नसताना, रोज, मरेपर्यंत घ्यायची वस्तू झाली. प्रयोगशाळांनी द्रव्य बदलून दिलं. माणसाची सवय बदलून देणं त्यांच्या हातात नव्हतं.

माझ्या आजीला ही गोळी होती. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी तिचा दाब मोजला आणि ‘ॲडेल्फेन’ लिहून दिली. रेसर्पिन आणि डायहायड्रालाझिन यांची ती जोडगोळी. भारतात तेव्हा रक्तदाबाची गोळी म्हणजे बहुधा ॲडेल्फेन किंवा ॲडेल्फेन-एसिड्रेक्स. सिबाने १९६३ साली गोरेगावात मोठं संशोधन केंद्रही काढलं होतं. गावात ही गोळी नेहमी मिळत नसे. बाबा गिरणीत होते. गावाला निघालेला कोणी चाकरमानी भेटला की त्याच्या हाती पाकिटं द्यायचे. गणपतीला, शिमग्याला आपण स्वतः न्यायचे. पन्नास-साठ गोळ्या, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळून, खाऊच्या पिशवीत तळाशी. मुळी गाठोड्यातून कोकणातून मुंबईला आली होती, आता गोळी होऊन पिशवीतून मुंबईहून कोकणात जात होती.

आजी ती मुळीसारखीच वापरायची. डोकं जड झालं, चक्कर आली, कुणाशी वाद झाला की एक गोळी. बरं वाटलं की डबीत परत. बाबांनी रागावून विचारलं की म्हणायची, “माका काय होणा नाय, मगे गोळी कित्याक?” डबीत साठलेल्या गोळ्या ती वायाही जाऊ देत नसे. शेजारणीला चक्कर आली तर तिलाही द्यायची. एका पावसाळ्यात पहाटे तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली. त्यानंतर ती चार वर्षं जगली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. आजीने ऐकलं नाही म्हणून असं झालं, असं घरात सगळे म्हणत, आणि मीही बरीच वर्षं तेच मानत होतो. आता तसं वाटत नाही. दुखल्यावर औषध घेणं हे तिला शंभर पिढ्यांनी शिकवलेलं शहाणपण होतं. त्याच्या उलट वागायला कोणी तिला शांतपणे, पुन्हा पुन्हा, तिच्या दारात येऊन सांगितलं नव्हतं. वर्षातून दोनदा दाब मोजला जात होता. गोळ्या माणसांच्या येण्या-जाण्यावर अवलंबून होत्या. अशा औषधाने कुणाचा आजार आवरेल?

त्या काळात या दुखण्याला श्रीमंतांचं दुखणं म्हणत. साहेबाला, शेठला, तणावात काम करणाऱ्याला होतं ते ‘ब्लडप्रेशर’. दिल्लीला डॉ. एस. पद्मावती यांनी पन्नाशीच्या दशकातच शहर आणि खेडं अशी तुलना करून आपल्याकडच्या लोकांचे आकडे मोजायला घेतले होते, पण आरोग्याचं धोरण हिवताप, देवी, क्षय यांच्या मागे होतं आणि ते चूकही नव्हतं. केईएममध्ये डॉ. के. के. दाते यांनी ४७ रुग्णांना शवासन शिकवून त्याचा दाबावर काय परिणाम होतो हे मोजलं आणि १९६९ साली ते छापलं. मला या कामाचं मोल फार वाटतं. रोज गोळी घेणं परवडत नाही अशा देशातल्या डॉक्टरने केलेला तो विचार होता.

दरम्यान मुळीची दशा वाईट झाली होती. रानंच्या रानं खणून काढली गेली. मूळ उपटलं की झाड संपतं, त्याला फांदी तोडल्यासारखी दुसरी संधी नसते. भारताने निर्यातीवर निर्बंध आणले. कारखानदार आफ्रिकेतल्या ‘राउवोल्फिया व्होमिटोरिया’ या भावंडाकडे वळले, त्यात रेसर्पिन अधिक निघतं. चीनने युन्नानसारख्या प्रांतांत आपली भावंडं शोधली आणि आपल्या गोळ्या बनवल्या. सर्पगंधा आज आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे.

श्रीमंत देशांतून रेसर्पिन मागे पडलं. उदासीची भीती होतीच. १९७४ साली स्तनाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध जोडणारे लेख आले. पुढच्या अभ्यासांत तो संबंध टिकला नाही, पण नाव खराब झालं ते झालंच. नवी, अधिक सुसह्य औषधं आली. तरी १९९१ साली अमेरिकेतल्या वृद्धांवरच्या मोठ्या पाहणीत अगदी लहान मात्रेतलं रेसर्पिन पर्यायी औषध म्हणून होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याला बरीच वर्षं जागा होती. आणि चीनमध्ये रेसर्पिन असलेल्या स्वस्त जोडगोळ्या लाखो लोक अजूनही घेतात. गरीब देशांत औषध टिकतं ते गुणाइतकंच किमतीवर.

आणि दुखणं? ते गरिबांच्या घरात येऊन बसलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली ३० ते ७९ वयाच्या १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. १९९० साली हा आकडा ६५ कोटींच्या आसपास होता. यातले बहुसंख्य लोक अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते. ४६ टक्क्यांना आपल्याला हा आजार आहे हेच माहीत नव्हतं, आणि दाब ताब्यात असलेले होते पाचांत एक. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीने २०२३ साली भारतातल्या प्रौढांतलं प्रमाण ३५.५ टक्के सांगितलं. वय वाढलं, मीठ वाढलं (रोज पाच ग्रॅमपेक्षा कमी असावं असा सल्ला आहे, तो आपल्यातले फार थोडे पाळतात), हालचाल घटली. गोळी मात्र कधी नव्हती इतकी स्वस्त झाली. ॲमलोडिपिनची एक गोळी सरकारी खरेदीत रुपयाच्याही आत पडते. यात भारतीय औषध कारखान्यांचा आणि १९७० च्या पेटंट कायद्याचा वाटा मोठा आहे. रूझवेल्टना जे मिळालं नाही ते आता चहाच्या कपापेक्षा स्वस्त आहे, आणि तरीही माणसं माझ्या आजीसारखी पडतात.

म्हणून २०१७ च्या नोव्हेंबरात जे सुरू झालं त्याकडे मी फार आस्थेने पाहतो. आयसीएमआर, केंद्र आणि राज्य सरकारं, जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या काही जिल्ह्यांत हाती घेतला. महाराष्ट्रातले पहिले जिल्हे होते सातारा, वर्धा, भंडारा आणि सिंधुदुर्ग. यादीत शेवटचं नाव वाचलं तेव्हा मला डिमॉकची नोंद आठवली. या उपक्रमात नवं औषध एकही नाही. नवं आहे ते एवढंच, की प्रत्येक डॉक्टरने आपल्या मनाने वेगळी गोळी लिहायची नाही. आधी कोणती, दाब नाही उतरला तर मात्रा किती, मग दुसरी कोणती, हे ठरलेलं. त्यामुळे मोजक्याच गोळ्या, पण भरपूर आणि खंड न पडता आणता येतात. दर वेळी तीस दिवसांच्या गोळ्या एकदम. रुग्णाच्या हातात एक कार्ड, त्यावर आकडा आणि पुढची तारीख. तारीख चुकली तर केंद्रातून फोन, नाहीतर दारात आशाताई. आणि शक्य तिथे हे सगळं तालुक्याला नाही, गावच्या उपकेंद्रात.

मागच्या वर्षी गावी होतो, तेव्हा चुलत वहिनीबरोबर उपकेंद्रात गेलो. सात-आठ बायका, दोन पुरुष, बाकावर बसलेले. सिस्टर एकेकीला आधी पाच मिनिटं गप्प बसवत होती, मग दंडाला पट्टा बांधत होती. पारा आता नाही, लहानसं यंत्र आहे, त्यावर आकडा उजळतो. वहिनीच्या पुढे एक म्हातारी होती, सत्तरीच्या पुढची, केसांत अबोलीचा वळेसर. तिचा आकडा आला १२८/७८. सिस्टरने तो कार्डावर लिहिला आणि तिला दाखवला. म्हातारीने यंत्राकडे पाहिलं, कार्डाकडे पाहिलं आणि विचारलं, आता उतरलं तर गोळी सोडू का?

सिस्टर घाईत होती. बाहेर अजून माणसं होती. तरी तिने खुर्ची पुढे ओढली, म्हातारीचा हात हातात घेतला आणि सांगायला सुरुवात केली. गेल्या महिन्यातही तिने हेच सांगितलं होतं, असं वहिनी मला हळूच म्हणाली. सांगून झाल्यावर तिने तीन पट्ट्या मोजून पिशवीत घातल्या आणि कार्डावर पुढची तारीख लिहिली.